कावीळ ‘ब’ची लस : एकदा घेतली की किती वर्षे पुरते?

हज किंवा उमराहला निघालेल्या घरात लशीच्या दाखल्याची चर्चा हमखास होते. मेनिंजायटिसची लस घेतली का, मागच्या वेळचा दाखला अजून चालेल का, अशी विचारपूस सुरू असते. कारण त्या दाखल्याला मुदत असते. लशीच्या प्रकारानुसार कधी ३ वर्षे, कधी ५ वर्षे. धनुर्वाताचे इंजेक्शनही पुन्हा घ्यावे लागते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे लस म्हटली की तिची मुदत कधी ना कधी संपणारच, अशी आपली पक्की समजूत झाली आहे.

याच समजुतीतून पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, “मुलीला तान्हेपणी कावीळ ‘ब’ची लस दिली होती. आता ती सातवीत आहे. बूस्टर द्यावा का?” प्रश्न रास्त आहे. पैसे जाणार, दंड पुन्हा टोचला जाणार आणि शिवाय मनात धाकधूक. म्हणून या विषयाची नीट माहिती घ्यावी, असे आम्हाला वाटले.

आधी थोडक्यात उत्तर. लशीचे सगळे डोस पूर्ण झाले असतील आणि प्रकृती निरोगी असेल, तर बूस्टरची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या लशीचे संरक्षण किमान २० वर्षे आणि बहुधा जन्मभर टिकते.

हे कशावरून म्हणतात? कावीळ ‘ब’चा विषाणू शोधून काढणाऱ्या बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून त्याच दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. त्यांच्या शोधातून तयार झालेली लस १९८१ मध्ये वापरात आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अगदी उत्तरेकडील अलास्कात १५७८ मूळ रहिवाशांना ही लस देण्यात आली. तिथे या आजाराचे प्रमाण फार मोठे होते. पुढे डॉक्टरांनी वर्षानुवर्षे या लोकांची तपासणी केली.

३० वर्षांनंतर, मधल्या काळात एकही जादा डोस न घेतलेल्या २४३ जणांचे रक्त तपासले. १२५ जणांच्या, म्हणजे निम्म्याहून किंचित जास्त लोकांच्या रक्तात संरक्षण देणारी प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात सापडली. मग बाकीच्यांचे काय? त्यांच्यापैकी ८५ जणांना एक डोस देऊन महिन्याने पुन्हा तपासले, तेव्हा ७५ जणांची प्रतिपिंडे वर चढलेली होती. दोन्ही मिळून ९० टक्क्यांहून अधिक लोक ३० वर्षांनंतरही सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष निघाला. बूस्टरची गरज नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितले.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रक्तातली प्रतिपिंडे काळाबरोबर कमी होतात, पण शरीराची आठवण शाबूत राहते. पाठ केलेली कविता वर्गातल्या मुलाला दहा वर्षांनी चटकन म्हणता येत नाही. पण पहिली ओळ कानावर पडली की पुढचे सगळे ओठांवर येते. लशीने तयार झालेल्या स्मृतिपेशींचेही तसेच असते. विषाणू शरीरात शिरला की त्या जाग्या होतात आणि काही दिवसांत नवी प्रतिपिंडे तयार करतात. हा विषाणू मुळात संथ आहे. शरीरात शिरल्यावर आजार दिसायला ३० ते १८० दिवस लागतात. तोवर आपली फौज सज्ज झालेली असते.

म्हणून एखाद्या तपासणीत ‘अँटी-एचबीएस’ हा आकडा १० च्या खाली आला, तर निरोगी माणसाने घाबरून जाऊ नये. पूर्वी लस लागू पडली असेल, तर आकडा घटला तरी संरक्षण संपत नाही.

अर्थात या नियमाला अपवाद आहेत. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांची प्रतिपिंडे दरवर्षी तपासतात आणि ती १० च्या खाली गेली की बूस्टर देतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे क्षीण झाली आहे, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्त आणि सुयांशी रोजचा संबंध असलेल्या डॉक्टर, परिचारिका व लॅबमधील कर्मचाऱ्यांनी शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी लस लागू पडली की नाही, हे एकदा तपासून घ्यावे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली आज नर्सिंगला जात आहेत. त्यांच्या पालकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. चाळिशीनंतर लस घेणाऱ्यांत, तसेच मधुमेह, लठ्ठपणा आणि धूम्रपान असणाऱ्यांत ती थोडी कमी लागू पडते.

डोस अर्धवट राहिले असतील तर? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेले डोस तेवढे पूर्ण करायचे.

आता अहवालाविषयी. ‘एचबीएसएजी’ पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात विषाणू आहे. ‘अँटी-एचबीएस’ पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात संरक्षण आहे. एक चिंतेची बातमी, दुसरी आनंदाची. पण कागदावर शब्द एकच, ‘पॉझिटिव्ह’. घाईने वाचून कुणाच्या सोयरिकीत किंवा नोकरीत विघ्न आणू नका. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांच्या मेडिकलमध्ये ‘एचबीएसएजी’ तपासतात. लस घेतल्यानंतर साधारण १८ दिवसांपर्यंत या तपासणीत खोटा पॉझिटिव्ह निकाल येऊ शकतो. तेव्हा आधी तपासणी, मग लस, हाच क्रम ठेवावा.

आमच्या मते खरी काळजी वेगळीच आहे. आपण मुलांच्या बूस्टरची चिंता करतो, पण घरातल्या मोठ्यांना पहिला डोस तरी मिळाला आहे का, हे कुणी विचारत नाही. आपल्या देशात ही लस सरकारी कार्यक्रमात २००२-०३ मध्ये काही ठिकाणी सुरू झाली आणि सर्व राज्यांत पोहोचायला २०११ उजाडले. म्हणजे आज शाळेत असलेल्या बहुतेक मुलांना ती सरकारी कार्यक्रमातून मिळाली असणार. पण त्यांच्या अम्मी-अब्बांना आणि चाचा-मामूंना बहुधा मिळालेली नाही. मोठ्या माणसाने आधी ‘एचबीएसएजी’ तपासावी. ती निगेटिव्ह असेल तर ३ डोस घ्यावेत : पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. पॉझिटिव्ह आली तर लशीचा उपयोग नाही, पण उपचार आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

बाळंतिणीच्या घराने तर एक गोष्ट गाठीला बांधावी. जन्माच्या वेळी आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे ९० टक्के बाळांमध्ये हा विषाणू कायमचा ठाण मांडतो आणि पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. मोठ्या माणसात हेच प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. म्हणून बाळाला पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळायला हवा. पुढचे डोस पेंटाव्हॅलंट लशीतून ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळतात. प्रसूती घरी झाली, तर हा पहिला डोस हमखास राहून जातो.

हा विषाणू एका ताटात जेवल्याने किंवा गळाभेट घेतल्याने पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही किमान ७ दिवस जिवंत राहतो. म्हणून खतना असो, कान टोचणे असो की हजमधले हलक, पाते नवे हवे. उमराहच्या बॅगेत स्वतःचा रेझर ठेवायला विसरू नका.

आजच कपाटातले लसीकरणाचे कार्ड काढा. मुलांच्या कार्डावर सगळे डोस असतील, तर निश्चिंत राहा. आणि कार्ड जागेवर ठेवण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना एकेक करून विचारा, “तुम्ही ही लस घेतली आहे का?”