भेदरलेल्या मुलाची सोबत

एखादे हसतेखेळते मूल एकाएकी अबोल होते. रात्री दचकून उठते. शाळेची वेळ झाली की त्याचे पोट दुखू लागते. नेहमी घरी येणारा कोणी दारात दिसताच ते आईच्या पदराआड दडते. वडीलधारी म्हणतात, दृष्ट लागली असेल. मुलाला मात्र काही सांगायचे असते. त्यासाठी लागणारे शब्द त्याच्यापाशी नसतात, आणि शब्द असले तरी ऐकणाऱ्याचा भरवसा नसतो. कारण अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा, कधी कधी तर घरातलाच असतो.

अशा मुलावर पहिला आघात गुन्हेगार करतो. दुसरा आघात, नकळत का होईना, मदतीला धावणारेच करतात. आई विचारते, शिक्षक विचारतात, पोलीस व डॉक्टर विचारतात, शेवटी वकील विचारतात. आणि प्रत्येक वेळी मुलाला तेच दुःख पुन्हा भोगावे लागते. हा दुसरा आघात कसा टाळावा, याचा विचार बंगळूर शहरात चिकाटीने झाला आहे.

डॉ. संगीता सक्सेना व डॉ. शैब्या सालढाणा या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 2001 साली तेथे 'एन्फोल्ड' ही संस्था स्थापन केली. तिच्या पुढाकाराने 2011 साली शहरातील बॅप्टिस्ट रुग्णालयात पीडित मुलांसाठी एक संयुक्त कक्ष सुरू झाला. त्यामागील कल्पना साधी आहे. मुलाने दारोदार फिरू नये; वैद्य, समुपदेशक, पोलीस व कायद्याचे जाणकार यांनीच एकविचाराने त्याच्यापाशी यावे. मनाच्या उपचारांचे काम त्याच शहरातील 'निम्हान्स' ही राष्ट्रीय संस्था करते. लहान मुलावर तेथे प्रश्नांचा भडिमार होत नाही. रंग, चित्रे व बाहुल्या यांच्या आधाराने, त्याच्या कलाने, संवाद साधला जातो. 2020 साली केंद्र शासनाच्या साहाय्याने तेथे सुरू झालेल्या देशव्यापी उपक्रमाचे नावही 'संवाद' असेच आहे.

कायद्यानेही हे तत्त्व मानले आहे. 14 नोव्हेंबर 2012 रोजी, म्हणजे बालदिनी, अमलात आलेल्या 'पॉक्सो' कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावयाचा असतो. पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेश घालावयाचा नसतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या दृष्टीस पडू नये, अशी व्यवस्था करावी लागते. बंगळुरात राहणाऱ्या एखाद्या मराठी मुलाला कानडी येत नसेल, तर त्याला दुभाषा मिळू शकतो. दुःख मातृभाषेतच नीट सांगता येते, हे कायद्यालाही पटलेले आहे.

परंतु कलमे लिहिली म्हणजे सोबत मिळाली असे होत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कर्नाटकातील विशेष न्यायालयांची पाहणी केली, तेव्हा आरोपी ओळखीचा असला की मुले पुष्कळदा साक्ष फिरवतात असे आढळले. तपासापासून निकालापर्यंत मुलाच्या बाजूला उभी राहणारी 'साहाय्यक व्यक्ती' नियमांत होती. प्रत्यक्षात ती क्वचितच दिसे. ही सोबत पुरविणे हे राज्यांचे कर्तव्य आहे, ऐच्छिक बाब नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले.

तथापि पहिली सोबत घरातलीच असते. मुलाने सांगितलेले शांतपणे ऐकावे, त्यावर विश्वास ठेवावा. 'तुझी काही चूक नाही' हे वाक्य त्याला अनेक औषधांहून गुणकारी ठरते. 'हे कोणाला सांगू नकोस' असे मात्र कदापि म्हणू नये. अशा गुन्ह्याची खबर देणे प्रत्येकावर कायद्याने बंधनकारक आहे. 1996 साली मुंबईत सुरू झालेली 1098 ही दूरध्वनी सेवा आज देशभर उपलब्ध आहे. अब्रू झाकण्यासाठी घर गप्प राहते, तेव्हा झाकला जातो तो गुन्हेगार. मूल मात्र उघड्यावर पडते.