बाजू नसलेली खुर्ची

नगरमध्ये भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल विचारलं, तर कोणीही वाट दाखवील. भाऊसाहेब कोण, असं विचारलं तर मात्र उत्तर मुलांवरून येतं: रिक्षा आणि लुना घराघरांत पोचवणाऱ्या नवलमल आणि हस्तिमल फिरोदियांचे वडील. ते खरंच आहे, पण मला ही ओळख अपुरी वाटते. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया, जन्म १८८५, नगरचे वकील आणि काँग्रेसचे कार्यकर्ते, १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. देश स्वतंत्र झाला, राज्यघटना लागू झाली, त्या सगळ्या काळात सभागृहाची सर्वोच्च खुर्ची नगरकडे होती.

आधीचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर दिल्लीच्या मध्यवर्ती सभागृहात गेले. अहमदाबादच्या वकिलाच्या जागी अहमदनगरचा वकील आला. सभागृह भरायचं ते रीगल सिनेमाजवळच्या कौन्सिल हॉलमध्ये. इमारत मूळची खलाशांच्या वसतिगृहाची. आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. मराठी, गुजराती आणि कन्नड मुलखांतून निवडून आलेल्या आमदारांच्या १७५ जागा होत्या.

वकिलाचा जन्म पक्षकाराची बाजू मांडण्यात जातो. अध्यक्ष झाला की बाजूच उरत नाही. नियमच असा की अध्यक्षाने एरवी मत द्यायचं नाही. दोन्हीकडची मतं समसमान पडली तरच त्याचं मत मोजायचं. समोर बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ, म्हणजे आपल्याच पक्षाचं, आणि तरीही विरोधकाला बोलायला वेळ देणं हे आपलं काम. मला हे वकिलीपेक्षा अवघड वाटतं, आणि आजचं सभागृह पाहताना तर फारच मोलाचं वाटतं.

त्या सहा वर्षांत तिथे काय काय मंजूर झालं! हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी (१९४६), मंदिरं दलितांना खुली करणारा कायदा आणि शेतजमिनीची तुकडेबंदी (१९४७), दारूबंदी आणि जातीबाहेर टाकण्याला मनाई (१९४९). हे आमदार निवडले गेले होते मर्यादित मताधिकारावर. सारा किंवा कर भरणारे, थोडंफार शिकलेले, अशांनाच मत होतं. कसणाऱ्या कुळांतल्या कितीजणांना ते असणार? तरी १९४८ साली याच सभागृहाने कूळकायदा केला. पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ रोजी असंख्य कुळं कसत्या जमिनीची मालक मानली गेली.

त्याची खूण आजही दिसते. नगरच्या पारनेर, शेवगाव, कर्जत, कुठल्याही तालुक्यात जमिनीचा व्यवहार ठरवताना वकील सातबारा हातात घेतो आणि बोट थेट ‘इतर अधिकार’ या रकान्यावर ठेवतो. तिथे कूळकायदा कलम ४३ ची नोंद दिसली की तो विचारतो, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र कधी मिळालं? दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून विक्री करता येते. मग घरातली म्हातारी ट्रंकेतून घडीवर फाटलेला कागद काढते, आणि तारीख वाचायला सगळे त्यावर वाकतात.