घरचाच कुत्रा चावला, त्याला लसही दिलीय... तरी दवाखान्यात जायचे का?

आपलाच कुत्रा आहे, त्याला इंजेक्शन दिलेले आहे, काही होत नाही, असे म्हणून विषय संपवला जातो. यवतमाळ शहरातली वसाहत असो की पुसद-उमरखेडकडचे खेडे, पाळीव कुत्रा चावल्यावर बहुतेकदा हेच घडते. पण कुत्र्याचे कार्ड पाहून माणसाचे उपचार टाळता येत नाहीत. रेबीजची लक्षणे दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. त्याआधी, वेळेत उपचार घेतले तर आजार टळतो.

आधी नळ, मग दवाखाना

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटे धुवा, तीही घड्याळ पाहून. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते आणि साबण तेच फोडतो. त्यामुळे हा उपाय वाटतो तितका किरकोळ नाही. तिखट, हळद, चुना किंवा झाडपाला लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत.

कातडी शाबूत असून कुत्र्याने नुसते चाटले असेल तर लस लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस लागते. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते, आणि नेमके हेच अनेकदा राहून जाते. लस घेतल्यावर शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडे. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंतच ते देता येते.

लस कातडीत दिली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी घ्यायची. स्नायूत दिली तर त्यात 14 वा दिवसही येतो. शून्य दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस, कुत्रा चावला तो नव्हे. उशीर झाला म्हणून लस टाळू नका.

झरी जामणीसारख्या तालुक्यातून यवतमाळला जाऊन यायचे तर अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे इम्युनोग्लोब्युलिन कुठे मिळेल हे जवळच्या आरोग्य केंद्रातच विचारून निघावे. पुसद, दारव्हा, पांढरकवडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

कुत्र्याचे काय?

मारू नका, हाकलूनही देऊ नका. 10 दिवस बांधून ठेवा आणि पशुवैद्यकाला दाखवा; 1962 या क्रमांकावर फोन करता येतो. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. मग पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतात. मात्र हे 10 दिवस थांबून मग लस सुरू करणे, ही जिवावर बेतणारी चूक आहे.

मालकावर गुन्हा होतो?

होतो. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुंबईत 2010 मध्ये नेपियन सी रोडवर एका ज्येष्ठ नागरिकाला रॉटवायलर चावला होता. कुत्रा गाडीत होता. दार उघडू नका, असे सांगूनही मालकाने ते उघडले. गिरगावच्या न्यायालयाने जुन्या कायद्याखाली मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली, ती जानेवारी 2023 मध्ये. म्हणजे निकालाला साडेबारा वर्षे लागली. तक्रार करायची असेल तर जखमेचे फोटो आणि दवाखान्याची चिठ्ठी पहिल्याच दिवशी सांभाळून ठेवा.