न दिलेला अर्ज

जालना जिल्ह्यातील अंबड या तालुक्याच्या गावी १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. कागदी अर्जाचा शिरस्ता तेव्हा होता आणि पुढेही दीर्घकाळ टिकला: मजकूर लिहावा, कोणाकडून तरी वाचून घ्यावा, खाली सही किंवा अंगठा करावा आणि मग कचेरीत जाऊन तो बारनिशीत नोंदवावा. अर्ज खिशात आहे तोवर आपला, कारकुनाने आवक क्रमांक घातला की सरकारचा; आणि या दोहोंमधील सीमा निरक्षरालाही दिसत असे. आज तोच अर्ज सेवा केंद्रातील संगणकावर भरला जातो, व ती सीमा एका बटनाएवढी अरुंद झाली आहे.

एखादा मोसंबी बागायतदार अनुदानासाठी अर्ज भरवून घेत आहे, अशी कल्पना करू. त्याची जमीन दोन गटांत आहे. पहिल्या गटाचा तपशील भरून झाल्यावर केंद्रचालक ‘आणखी गट जोडा’ हे बटन दाबतो, आणि नवी ओळ उघडण्याऐवजी अर्ज दाखल झाल्याची पोच पडद्यावर उमटते. दुसरा गट राहून जातो आणि दुरुस्तीसाठी तहसिलीचे खेटे नशिबी येतात. अशा वेळी लोक केंद्रचालकाच्या उतावळेपणाला बोल लावतात. तो बहुधा अन्याय असतो.

वेबपृष्ठे ज्या एचटीएमएल भाषेत रचली जातात, तिच्यात १९९७ च्या चौथ्या आवृत्तीने ‘बटन’ नावाचा घटक आणला व त्याचे तीन प्रकार ठरविले: अर्ज पाठविणारे सबमिट, भरलेला मजकूर पूर्ववत करणारे रिसेट आणि स्वतःहून काहीच न करणारे साधे बटन. रचनाकाराने प्रकार लिहिलाच नाही, आणि बटन अर्जाच्या चौकटीत असले, तर ब्राउझर ते सबमिट समजतो. मौन हे संमतीचे लक्षण, हा आपला जुना न्याय यंत्रानेही उचलला म्हणावयाचा. फक्त येथे मौन रचनाकाराचे आणि संमती मात्र बिचाऱ्या अर्जदाराची! त्यात इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या आवृत्त्या अशा बटनास साधे मानीत, त्यामुळे तेथे तपासलेला अर्ज इतरत्र भलतेच वर्तन करी.

उपाय एका शब्दाचा आहे: ‘टाइप’ या गुणधर्मापुढे ‘बटन’ असे स्पष्ट लिहावे. जावास्क्रिप्टच्या ‘प्रिव्हेंट डिफॉल्ट’ या आज्ञेनेही सादरीकरण थोपविता येते. परंतु संथ जोडणीवर ती आज्ञावलीच पोहोचली नाही, तर बटनाचा मूळ स्वभाव उफाळून येतो. एंटर कळीचाही येथेच संबंध येतो. एकओळी रकान्यात एंटर दाबताच ब्राउझर अर्जातील पहिले सबमिट बटन दाबल्याचे गृहीत धरतो, आणि ते पहिले बटन ‘आणखी गट जोडा’ हेच असू शकते. म्हणून काही रचनाकार एंटर कळच निकामी करतात. पण माऊसऐवजी कळफलकावरच विसंबणाऱ्या अंध वापरकर्त्याची त्यात अडवणूक होते, म्हणून हा मार्ग मला अप्रशस्त वाटतो.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुगम्यतेच्या निकषांत कायदेशीर व आर्थिक व्यवहारांसाठी तीन सवलती सांगून त्यांपैकी निदान एक द्यावी, असे म्हटले आहे: दिलेला अर्ज मागे घेता यावा, किंवा चुका तपासून दुरुस्तीची संधी मिळावी, किंवा अखेरच्या सादरीकरणापूर्वी सर्व मजकूर एकवार नजरेखालून घालता यावा. यांतील तिसरी सवलत अंबडच्या त्या बागायतदाराला सर्वांत उपयोगी. मात्र त्या उजळणीच्या पानावरील ‘मागे जा’ या बटनाचाही प्रकार रचनाकाराने आठवणीने लिहिलेला असला पाहिजे.