हप्ता फिटल्यानंतरची पिकअप

कांद्याच्या हंगामात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर ट्रॅक्टरांच्या जोडीला पिकअपचीही रांग लागते. त्यात पासिंगचा रंग अजून न उडालेल्या कोऱ्या गाड्या असतात, तशाच दहा-बारा वर्षं राबलेल्या, फाळक्याला दोरी बांधलेल्याही असतात. जुन्या गाडीच्या मालकाला विचारा, गाडी कशी आहे? उत्तर ठरलेलं : "इंजिन अजून खोललं नाही." म्हणणाऱ्याचा अभिमान खरा असतो, पण त्याच गाडीच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहिलं तर बऱ्याचदा वेगळी गोष्ट दिसते.

पिकअपचा टिकाऊपणा मोजायचा तर आधी तिचं अर्थकारण पाहावं लागतं. गाडी बहुतेक वेळा कर्जावर येते आणि हप्ता चार-पाच वर्षं चालतो. तोवर डिझेल, ड्रायव्हर, टायर, विमा आणि हप्ता यातच भाडं संपतं. मालकाच्या हातात खरा पैसा पडतो तो हप्ता फिटल्यावर. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत गाडी बंद पडली नाही, यात फारसं कौतुक नाही. सहाव्या वर्षापासून ती किती वर्षं मोठा खर्च न काढता धावते, हा प्रश्न आहे. आणि माझ्या मते त्याचं उत्तर बॉनेटखाली कमी आणि हौद्याखाली जास्त सापडतं.

म्हणून आपण वजनाच्या वाटेने जाऊ. हौद्यात ठेवलेली गोणी जमिनीवर पोचेपर्यंत तिचा भार कुठून कुठून जातो?

हौदा बसलेला असतो चेसिसवर. पिकअपची चेसिस शिडीसारखी : दोन लांब पोलादी बाजू आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. चेसिसला खालून कंस रिव्हेट केलेले असतात आणि त्यांत मागच्या कमानीची टोकं अडकवलेली असतात. कमान म्हणजे एकावर एक रचलेले पाटे. सगळ्यात वरच्या मुख्य पाट्याची टोकं गोल वळवलेली असतात, त्यांत बुश बसतो. मधोमध सगळे पाटे सेंटर बोल्टने एकत्र धरलेले आणि यू-बोल्टांनी एक्सलला आवळलेले. कमान दबली की पाटे एकमेकांवर घासत सरकतात आणि धक्क्यातला जोर तिथेच जिरतो. एक्सलच्या टोकाला बेअरिंग, त्यावर ड्रम आणि चाक. भाराची वाट इथे संपते.

आता आकडा घ्या. बोलेरो पिकअपच्या अनेक मॉडेलांची भारक्षमता साधारण 1,300 ते 1,700 किलोपर्यंत आहे. 1,700 किलो म्हणजे पन्नास किलोच्या 34 गोण्या. रस्त्यावर दिसतात त्या गाड्यांत कधी 45, कधी 50 गोण्या असतात, आणि वर दोन माणसं. गाडी ओढते, घाट चढते, कुरकुर करत नाही. त्यामुळे मालकाला वाटतं की कंपनीने आकडा उगाच कमी लिहिलाय. इंजिनापुरतं ते खरंही आहे. दीडपट भार ओढायला इंजिन सहसा नाही म्हणत नाही, एक गिअर खाली टाकला की झालं. भार सोसणाऱ्या भागांचा हिशेब मात्र सरळ नसतो.

बेअरिंगचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट. बेअरिंगचं अपेक्षित आयुष्य काढण्याचं अभियांत्रिकीतलं सूत्र जुनं आणि सर्वमान्य आहे : बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या तिसऱ्या घाताने घटतं, रोलर बेअरिंगचं त्याहून थोडं अधिक वेगाने. म्हणजे चाकावरचा भार वीस टक्के वाढला तर रोलर बेअरिंगचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, आणि दीडपट झाला तर पावभर उरतं. भार दीडपट, भाडंही फार तर दीडपट, पण झीज चौपट. कमानीच्या पाट्याला आणि चेसिसच्या पोलादालाही हाच स्वभाव आहे. एकदा जास्त वजन टाकलं म्हणून ती मोडत नाहीत. रोजच्या लाखो हेलकाव्यांनी आत केसासारखी चीर पडते, ती हळूहळू वाढते, आणि मग एखाद्या दिवशी रिकामी गाडी गतिरोधकावरून उतरताना पाटा 'कट्' करून तुटतो. मालक म्हणतो, "रिकामीच तर होती!" तुटण्याची तयारी दोन हंगाम आधीपासून चाललेली असते.

यावर गॅरेजवाल्यांचा लाडका उपाय म्हणजे पाटा वाढवणे. कमानीत एक-दोन जादा पाटे टाकायचे, मग गाडी मागून बसत नाही. हा उपाय मला नेहमी आगीतून फुफाट्यात वाटत आलाय. कमान कडक झाली की ती धक्का जिरवत नाही, तो तसाच वर चेसिसकडे पाठवते. चेसिसला चीर जाते ती मुख्यतः कमानीच्या कंसापाशी, रिव्हेटच्या भोकाच्या कडेला, कारण ताण तिथेच गोळा होतो. पाट्याचा खर्च काही हजारांचा. चेसिसला वेल्डिंग करून पट्टी मारली की गाडीची किंमत उतरते आणि पट्टीच्या शेजारी, वेल्डिंगच्या उष्णतेने कमकुवत झालेल्या जागी, पुन्हा चीर दिसू लागते.

दुसरा तोटा आणखी छुपा आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर एका दांडीने मोजून तो ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. भरलेली असेल तर मागच्या चाकांना जास्त ब्रेक, रिकामी असेल तर कमी, म्हणजे चाकं जाम होऊन गाडी फिरू नये. जादा पाटे टाकले की भरलेली गाडीही उंच राहते. व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते. कसारा घाटात दोन-अडीच टन घेऊन उतरताना मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, पॅड जळतात, आणि ड्रायव्हर म्हणतो की ब्रेकचं साहित्य डुप्लिकेट होतं. काही गॅरेजांत तर ही दांडी वर बांधूनच टाकतात. मग भरलेल्या गाडीत ब्रेक लागतात, पण रिकाम्या गाडीला पहिल्या पावसात भोवळ येते.

कायद्याचंही एक सांगून पुढे जाऊ. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी दंड 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये. एकदा काट्यावर सापडलं की अनेक फेऱ्यांचा 'जादा गोण्यांचा' नफा जातो.

पोलादाचा दुसरा शत्रू गंज. पिकअपमध्ये काय भरलं जातं, यावर तो ठरतो. हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉकवरून मासे नेणारी गाडी पाहा. ट्रेमधला बर्फ वितळतो, खारं पाणी हौद्याच्या पत्र्यातल्या फटींतून खाली ठिबकत राहतं आणि चेसिसवर पडतं. वरून गाडी रोज धुतात, खालून क्वचितच. चेसिसच्या बाजूंना पाणी निघून जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात, ती चिखल आणि खवल्यांनी बुजतात, आणि खारं पाणी आतच मुक्काम करतं. बाहेरचा काळा रंग शाबूत दिसत असताना पोलाद आतून पापुद्रे सोडत असतं. कोंबड्यांची वाहतूक करणाऱ्या गाड्यांचंही असंच, तिथे मिठाऐवजी विष्ठा काम करते.

हे फक्त आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत टोयोटाची टॅकोमा ही पिकअप भरवशासाठी नावाजलेली, तिचं इंजिन लाखो मैल चालतं म्हणून ख्याती. पण तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि त्या गाड्यांच्या चेसिस गंजून सडू लागल्या. 2008 मध्ये कंपनीने 1995 ते 2000 सालच्या टॅकोमांच्या चेसिसची हमी 15 वर्षांपर्यंत वाढवली आणि सडलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. पुढे नंतरच्या मॉडेलांबाबत खटला झाला आणि 2016 मध्ये 340 कोटी डॉलरपर्यंतचा समझोता करावा लागला. इंजिन ठणठणीत आणि खालचा सांगाडा पोकळ : याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आता इंजिनाकडे येऊ, कारण त्याला अगदीच मोडीत काढणं बरोबर नाही. साधं डिझेल इंजिन दीर्घायुषी असतंच. ते अकाली मरतं त्याची कारणं बहुधा किरकोळ असतात. वीटभट्टी किंवा खडीच्या वाटेवरची गाडी एअर फिल्टरमधून धूळ ओढते. फिल्टर बदलण्याऐवजी हवा मारून पुन्हा बसवला की त्याचा कागद कुठेतरी विरतो, आणि बारीक धूळ पिस्टन रिंग आणि बोअर घासायला लागते. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी ओतलं की क्षारांचा थर धरतो, गाडी घाटात तापते, हेड गॅस्केट जातं. मराठवाड्यात हे फार.

बीएस-6 गाड्यांची, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या गाड्यांची, एक वेगळी गोष्ट आहे. ज्यांत डीपीएफ हा धूर गाळणारा फिल्टर आहे त्यांत धुरातली काजळी त्याच्या जाळीत साठते आणि अधूनमधून साधारण 600 अंशांच्या आसपास जाळून टाकली जाते. त्यासाठी गाडी सलग पळावी लागते. नाशिकहून वाशीला रात्री जाणाऱ्या पिकअपला हे आपोआप मिळतं. गावातल्या गावात दूध गोळा करणाऱ्या, दर दोनशे मीटरवर थांबणाऱ्या गाडीला मिळत नाही. तिथे जाळण्याचं काम अर्धवट राहतं, त्यासाठी जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश होणारे मालक असतात! ते पातळ झालेलं ऑइल असतं, ते लगेच बदलायला हवं. आणि डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की बंद करून घरी जाण्याऐवजी गाडी हायवेला सलग अर्धा तास पळवून आणावी. 'जाळी काढून टाकू' हा सल्ला ऐकू नये. पुढे पासिंगला अडचण होतेच, शिवाय ते बेकायदा आहे.

क्लच आणि गिअरबॉक्सवर फार बोलण्यासारखं नाही. ती माणसाच्या सवयीने टिकतात. घाटातल्या रांगेत हँडब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणारा ड्रायव्हर एका हंगामात प्लेट संपवतो, दुसरा त्याच गाडीवर तीन हंगाम काढतो. मालक स्वतः चालवतो ती गाडी जास्त टिकते, यात गूढ काही नाही.

हे सगळं ध्यानात घेतलं की जुनी पिकअप विकत घेताना काय पाहायचं ते उमगतं. पहिला प्रश्न किलोमीटरचा नको, मीटर मागे फिरवता येतो. पहिला प्रश्न : ही काय वाहायची? कुरिअरची दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी मी वाळूच्या ऐंशी हजारवालीपेक्षा डोळे झाकून आधी घेईन. कुरिअरचा माल जागा खातो, वजन खात नाही.

मग खाली वाकायचं. ओळखीचा मिस्त्री बरोबर असेल तर तो स्टार्टर मारण्याआधी हेच म्हणेल : "दादा, इंजिनाचं नंतर बघू." हातोडी घ्यायची आणि चेसिसवर मागपासून पुढपर्यंत ठोकत जायचं. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं, गंजलेलं बद्द बोलतं. कमानीच्या कंसाभोवती ताजा काळा रंग दिसला तर तो नखाने खरवडायचा, कारण सगळी गाडी मळलेली आणि तेवढीच जागा चकचकीत असायला काही कारण लागतं. पाटे मोजायचे, आणि दोन्ही बाजूंचे सारखे आहेत का ते पाहायचं. लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे की तारेने बांधलेली, तेही.

नंतर कुणाला तरी गाडी सरळ रस्त्यावर पुढे न्यायला सांगून मागून पाहायचं. मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत न राहता गाडी तिरकी चालली, तर सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलाय किंवा चेसिस वाकलीय. दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आल्यावर चारही हबजवळ हात नेऊन ऊब ताडायची. एकच जास्त गरम असेल तर तिथलं बेअरिंग संपत आलंय किंवा ब्रेक धरून राहतोय. मागच्या ड्रमच्या आतून तेल ओघळलेलं असेल तर ऑइल सील गेलंय, आणि ते तेल ब्रेक लायनरवर पोचलेलं असणार. इंजिन सर्वांत शेवटी : चालू असताना ऑइल टाकायचं झाकण उघडायचं. भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगा-लायनरचं काम निघणार. सायलेन्सरमधून सुटणारा धूर निळा असेल तर गाडी ऑइल जाळतेय.

इंजिनाचं काम निघालं म्हणून सौदा मोडायची गरज नसते. ते काम करून घेता येतं, त्याचा अंदाज मिळतो, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे. कमानीपाशी चीर सापडली तर मात्र चहा पिऊन उठावं. आणि गाडी घेतलीच, कमान नवी भरली, तर पहिल्या दोन-चार भरलेल्या फेऱ्यांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नवे पाटे बसतात तसे ते सैल होतात, आणि सेंटर बोल्ट तुटायला तेवढं सैल पुरेसं असतं.