जुन्या संगणकात लिनक्स कसे घालावे?



आमच्या वर्गात खिडकीजवळ जो संगणक आहे, त्याच्यावर वर्षभर निळे फडके झाकलेले होते. सुरू केला तर आमचे वीसपर्यंतचे पाढे म्हणून व्हायचे, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचे. गुरुजी म्हणाले, "आता याचं निर्लेखन करावं लागेल." निर्लेखन म्हणजे शाळेच्या दप्तरातून नाव कमी करून वस्तू काढून टाकणे. आम्हांला फार वाईट वाटले, कारण शाळेत दुसरा संगणक नाही. मग गुरुजींनीच सांगितले की एक शेवटचा उपाय करून बघू. त्या उपायाचे नाव लिनक्स. तो कसा केला ते मी लिहिते. त्यात माझी एक मोठी चूक झाली, तीही लिहिते.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

कालव्याला पाणी सुटले की पाटकरी येतात. आज कुणाची पाळी, किती तास, ते ठरवतात. पाटकरी नसले तर भांडणे होतील आणि शेवटच्या रानाला पाणी पोचणारच नाही. संगणकातही तसेच असते. चित्र काढायचा प्रोग्राम, गाणे वाजवायचा प्रोग्राम, टाइप करायचा प्रोग्राम, सगळ्यांना एकच मेंदू आणि एकच मेमरी वापरायची असते. त्यांच्या पाळ्या लावणारा पाटकरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या पाळ्या इतक्या लहान असतात की डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा बदलतात. म्हणून आपल्याला सगळे एकदम चाललेय असे वाटते. विंडोज ही एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. लिनक्स ही दुसरी.

मुक्त म्हणजे नुसते फुकट नाही

माझी आजी भोपळ्याचे नि गवारीचे बी राखेत घालून मडक्यात ठेवते. शेजारच्या काकू मागायला आल्या की मूठभर देते. काकूंनी ते पेरावे, त्यातले चांगले निवडावे, पुढे आपल्या बहिणीला द्यावे. आजी कधी विचारत नाही. मुक्त सॉफ्टवेअर तसेच असते. ते कोणीही वापरावे, आत कसे लिहिले आहे ते वाचावे, सुधारावे आणि दुसऱ्याला द्यावे.

अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' नावाचे असे काम जाहीर केले. १९९१ मध्ये फिनलंड देशातल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिला व सगळ्यांना देऊन टाकला. त्याला लिनक्स म्हणतात. मग जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. लिनक्सचे चिन्ह पेंग्विन पक्षी आहे. पालकांनो, तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो!

लिनक्सचे पुष्कळ प्रकार आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा, लिनक्स मिंट अशी त्यांची नावे आहेत. भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने आपल्या भाषांसाठी 'बॉस' नावाचा प्रकार केला आहे. आम्ही लिनक्स मिंट घेतले. त्यातला एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार जुन्या यंत्राला झेपतो.

आम्ही केलेल्या पायऱ्या

१) यंत्र तपासणे. लिनक्स मिंटला कमीत कमी २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. मेमरी ४ जीबी असली तर बरे. यंत्र ६४ बिटचे हवे. आमच्या संगणकात हे सगळे निघाले.

२) फाईल उतरवणे. गुरुजींनी आपल्या लॅपटॉपवर, मोबाईलचे इंटरनेट जोडून, लिनक्स मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फाईल उतरवली. ती जवळजवळ ३ जीबीची असते. आमच्या गावात रेंज कमी, म्हणून रात्रभर लागले. फाईल अर्धवट उतरली तर पुढचे सगळे वाया जाते. म्हणून संकेतस्थळावर एक लांबलचक खूण दिलेली असते. आपल्या फाईलची खूण काढून ती अक्षर न् अक्षर जुळवायची.

३) पेन ड्राइव्ह तयार करणे. इथेच माझी चूक झाली. फाईल पेन ड्राइव्हवर नुसती ठेवून चालत नाही. रुफस किंवा एचर अशा प्रोग्रामने ती लिहावी लागते आणि लिहिताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. गुरुजींनी विचारले, "८ जीबीचा पेन ड्राइव्ह कोण आणेल?" मी हात वर केला. घरी कपाटात एक होता. गुरुजी म्हणाले, "रिकामा आहे ना गं?" मी न बघताच "हो गुरुजी" म्हणाले.

तो रिकामा नव्हता. त्यात बाबांच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशी कोणते औषध, किती लिटर पाण्यात किती, सगळे. माल निर्यातीला द्यायचा तर या नोंदी दाखवाव्या लागतात. चुलतभावाने, म्हणजे दादाने, ऑक्टोबर छाटणीपासूनच्या नोंदी टाइप करून ठेवल्या होत्या. त्या सगळ्या गेल्या. संध्याकाळी मला कळले तेव्हा मी जेवलेच नाही. बाबा रागावले. मग कोनाड्यातली वही काढून म्हणाले, "पोरी, वही हाय म्हणून वाचलो. पण न बघता हो म्हणायचं नाही." दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना खरे सांगितले. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. मी उघडून बघायला हवं होतं."

४) चाखून बघणे. भाजीत मीठ बरोबर आहे का ते आपण थेंबभर हातावर घेऊन बघतो ना? लिनक्स तसे बघता येते. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करायचा आणि लगेच एफ १२ हे बटण दाबायचे. काही यंत्रांत एफ २, एस्केप किंवा डिलीट असते. मग पेन ड्राइव्हवरून सुरू कर असे सांगायचे. थोड्या वेळाने लिनक्सचा पडदा येतो. अजून संगणकात काहीच बदललेले नसते. पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू केला की जुनेच परत येते. या वेळी आवाज येतो का, माऊस चालतो का, इंटरनेट लागते का, ते बघून घ्यावे. आमचे सगळे चालले. प्रिंटर मात्र लगेच चालला नाही. त्याला जोडून घ्यायला गुरुजींना एक शनिवार लागला.

५) नक्कल काढणे. आता गुरुजींनी मलाच उभे केले आणि विचारले, "पुढे काय करायचं?" मी म्हणाले, "गुरुजी, आधी जुन्या संगणकात काय काय आहे ते उघडून बघायचं." त्यात स्नेहसंमेलनाचे फोटो होते आणि आता सातवीत असलेल्या ताईंचे पहिलीतले नाच होते. ते सगळे आम्ही दुसऱ्या ड्राइव्हवर घेतले. घेतल्यावर तिथून उघडून पण बघितले. मगच पुढे गेलो.

६) बसवणे. पडद्यावर 'इन्स्टॉल' असे चित्र असते. त्यावर दोनदा टिचकी मारायची. मग ते प्रश्न विचारते. भाषा कोणती? यादीत मराठी आहे! कीबोर्ड कोणता? वेळ कुठली? तिथे कोलकाता निवडायचे, कारण सगळ्या भारताची वेळ एकच आहे. सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हा की जुन्या सिस्टीमच्या शेजारी बसवू की सगळी डिस्क पुसून बसवू? पुसून म्हटले तर परत फिरता येत नाही. आमची नक्कल काढलेली होती, म्हणून आम्ही पुसून बसवले. पासवर्ड गुरुजींनी कागदावर लिहून कपाटात ठेवला. अर्ध्या तासाने "पुन्हा सुरू करा" असे आले.

पुन्हा सुरू केला तर चहा गाळून होईपर्यंत पडदा आला. सगळा वर्ग ओरडला!

आता आम्ही काय करतो?

त्यात लिहायला लिब्रे ऑफिस आणि इंटरनेट बघायला फायरफॉक्स आधीच असते. चित्रे काढायला टक्स पेंट आणि खेळत शिकायला जीकॉम्प्रिस आम्ही नंतर घेतले. दोन्ही मुक्तच आहेत. मराठी लिहायला आम्ही इनस्क्रिप्ट शिकतो. त्यात काना, मात्रा, वेलांटी डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी 'के' च्या बटणावर आपला 'क' आहे, हे लगेच पाठ होते.

अडचणीही सांगते. मराठी निवडले तरी काही शब्द इंग्रजीतच राहतात. विंडोजसाठी केलेले सगळेच प्रोग्राम यात चालत नाहीत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली शाळेची एक फाईल उघडली, तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे आली. युनिकोडमध्ये लिहिले की तसे होत नाही.

गुरुजींनी सांगितले की आपल्या आधीही शाळांनी हे केले आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेतल्या मुलांना २००७ मध्ये हिरवे-पांढरे लहान लॅपटॉप मिळाले होते. त्यांत लिनक्सच होते. केरळच्या सरकारी शाळांतही लिनक्सवरच संगणक शिकवतात.

पालकांनो, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही. तुमच्या घरी असा संगणक असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लिनक्स चाखून बघा. ती फाईल आमच्याकडे आहे. पेन ड्राइव्ह घेऊन या, आम्ही देऊ. तुम्ही पुढे दुसऱ्याला द्या. आजीच्या बियांसारखे.

बाबांच्या नोंदी मी वहीवरून शाळेच्या संगणकात पुन्हा टाइप केल्या. दादा सांगायचा, मी लिहायचे. दोन शनिवार गेले. औषधांची नावे फार अवघड असतात! आता त्या दोन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि वही कोनाड्यात आहेच.

तुम्ही पेन ड्राइव्ह आणलात की मी आधी एक प्रश्न विचारणार आहे: "रिकामा आहे ना?" तुम्ही हो म्हणालात तरी मी उघडून बघणार. राग मानू नका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी