गार आंघोळ आणि प्रतिकारशक्ती

गार पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर पडला की श्वास एकदम आत ओढला जातो, छाती धडधडते, अंगावर काटा येतो. हा शीताघात (त्वचा अचानक गार झाल्यावर शरीर आपोआप देते तो प्रतिसाद). त्यात नॉरॲड्रेनलिन (शरीराला सावध करणारे संप्रेरक) वाढते. आंघोळीनंतरची तरतरी बरीचशी त्यामुळेच, आणि ती खरी असते.

गफलत पुढे होते. तरतरी आली म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, असे धरले जाते. पण हॉर्न जोरात वाजला म्हणून टाकीतले पेट्रोल वाढत नाही. नेदरलँड्समधल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३,०१८ जण होते. त्यांतल्या काही गटांनी महिनाभर गरम शॉवरच्या शेवटी ३०, ६० किंवा ९० सेकंद गार पाणी घेतले. इतरांच्या तुलनेत त्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी भरल्या. आजारी असल्याच्या दिवसांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. थोडक्यात, बरे नसतानाही माणसे कामावर गेली. शिवाय ३० सेकंद आणि ९० सेकंद यांतही विशेष फरक दिसला नाही. जास्त वेळ कुडकुडण्याची पैज लावणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

शीताघातात रक्तदाबही चढतो. त्यामुळे हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.